मऊ हेल्मेट

मी घाबरट माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घाबरलेलाच आहे, आणि तुमचा गैरसमज व्हायला नको.

माझं नाव वहाब. दुसरबीडला हायवेच्या कडेला माझं सीट कव्हरचं दुकान आहे. बावीस वर्षं मोटारसायकलच्या सीटा शिवतोय. फाटलेलं रेक्झिन, बसलेला स्पंज, उसवलेली शिवण, काहीही आणा. आमच्या भागात माझ्या गादीवर न बसलेला गाडीवाला शोधून काढावा लागेल. तोंडाने मी तिखट आहे. कुणी फार घासाघीस केली की "मंग उभ्यानं चालवा गाडी" असं सरळ सांगतो. तरी लोक येतात, कारण कामात खोट नाही. निदान त्या मंगळवारपर्यंत मी असंच समजत होतो.

हेल्मेटचं काम चार वर्षांपूर्वी सुरू झालं. आमच्या गावचे शेषराव एक दिवस नवंकोरं हेल्मेट घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "वहाबभाई, हे डोकं आवळून राह्यलं. कायतरी करा." मी आतलं अस्तर उचकटलं. खाली थर्मोकोलची जाडजूड वाटी होती. टीव्हीच्या खोक्यातून निघतो, मिक्सरच्या खोक्यातून निघतो, तोच थर्मोकोल. मला हसूच आलं. म्हणालो, "शेषराव, वस्तू वापराच्या आधी पॅकिंग काढा लागते."

ती वाटी मी काढून टाकली. तिच्याच मापाने सीटचा चांगला स्पंज कापला, आत बसवला, वरून मऊ कापड शिवलं आणि कपाळाजवळ माझी लाल रेक्झिनची पट्टी लावली, 'वहाब' लिहिलेली. प्रत्येक सीटच्या मागे लावतो तीच. शेषरावांनी हेल्मेट घातलं, मान इकडेतिकडे हलवली आणि खूश झाले. "उशीवर डोकं ठेवल्यावाणी वाटून राह्यलं," म्हणाले.

झालं, मग रांग लागली. ज्यांनी पोलिसांच्या धाकानेही कधी हेल्मेट घातलं नव्हतं, ते माझ्या हातचं मऊ हेल्मेट आवडीने घालू लागले. तानुबाई, म्हणजे शेषरावांची बायको, मला म्हणाली होती, "भाऊ, तुमच्यामुळं ह्यायच्या डोक्यावर काईतरी टिकलं." मला केवढा अभिमान वाटला होता. आपल्यामुळे माणसं वाचतायत, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

काढलेल्या प्रत्येक वाटीवर मी मार्करने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचो, कारण स्पंज कापताना तीच माप म्हणून लागायची. काम संपलं की माझी बायको हुस्नबानो त्या वाट्या दुकानामागच्या आमच्या घराच्या अंगणात नेऊन ठेवायची. त्यात थोडं भुसकट टाकलं की कोंबड्या झकास बसतात. थंडीत तर त्या वाटीतून उठायला मागत नाहीत.

आणि माझ्या मुलीचं हेल्मेट. आसमा बावीस वर्षांची आहे, सिंदखेड राजाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते आणि रोज स्कूटीने जाते-येते. तिचं हेल्मेट मी सगळ्यात जीव लावून केलं. दुप्पट स्पंज आणि वर जांभळी मखमल. दुप्पट स्पंज बसावा म्हणून थर्मोकोलचा कणही आत ठेवला नाही.

त्या मंगळवारी दुपारी भागवत सर आले. ते बुलढाण्याला कुठल्याशा कॉलेजात यंत्रं शिकवतात आणि सुट्टीत मोटारसायकलवर लांबलांब फिरतात. त्यांच्या जाकिटाची खांद्याची शिवण उसवली होती. जाकीट कसलं, चिलखतच ते. मी खांद्यात हात घातला तर आत टणक रबरासारखा तुकडा लागला.

"सर, हे काऊन इतकं कडक? म्या मऊ स्पंज टाकून देतो."

"नको, नको," ते घाईने म्हणाले. "त्याले हात नका लावू, वहाबभाई. तोच तं जाकिटाचा जीव हाये." मग त्यांनी आतलं लेबल दाखवलं. सीई असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, खाली लेव्हल दोन. पडल्यावर खांद्यापर्यंत किती मार पोचतो ते मशीनवर मोजून ही खूण देतात म्हणे. लेव्हल एकपेक्षा लेव्हल दोनमध्ये मार कमी पोचतो. "आपल्याकडं हेल्मेटवर आयएसआय असते ना, तसंच."

हेल्मेटचं नाव निघालं आणि मला राहवलं नाही. मी खुंटीवरचं माझं स्वतःचं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. आत बोट घालून पाहा म्हटलं. मला वाटलं, आता माणूस तारीफ करणार.

सरांनी आधी मागची खूण पाहिली. आयएसआय, वर आयएस ४१५१, खाली लायसन्सचा नंबर. तो नंबर त्यांनी मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये टाकला. कंपनीचं नाव आलं, लायसन्स चालू असल्याचंही आलं. "खूण असली हाये," ते म्हणाले. मी खुर्चीत जरा ऐसपैस झालो.

मग त्यांनी अंगठा आत घातला. माझ्या मऊ कापडावर टेकवला आणि दाबला. अंगठा दबत दबत गेला आणि त्यांचं नख वरच्या प्लास्टिकला लागून टक् असं वाजलं. सरांनी पुन्हा दुसऱ्या जागी दाबला. पुन्हा टक्.

"वहाबभाई, आतला थर्मोकोल कुठं हाये?"

"कोंबड्यापाशी," मी म्हणालो आणि हसलो. ते हसले नाहीत.

त्यांनी मला सांगितलं ते मी तेव्हा अर्धंच ऐकलं, पण आता शब्दन्‌शब्द आठवतं. ते म्हणाले, "खूण द्याच्या आधी हेल्मेटात लोखंडी डोकं बसवतात आणि ऐरणीवर आपटतात. आतल्या डोक्याले किती हादरा बसला ते मोजतात. तो हादरा वरचं प्लास्टिक खात नाई. थर्मोकोल खाते. तो चेपते, चिरडते, आणि तुमच्या डोक्याच्या वाट्याचा मार स्वतःवर घेते. म्हणून तं एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट फेकून देतात. खूण त्या पुऱ्या वस्तूले देल्ली होती. ती वस्तू तुमी खोलून टाकली. आता हे नुसतं टोपलं हाये, आणि त्याच्यावर असली शिक्का."

मला राग आला. भीती नंतर आली, आधी रागच आला. बावीस वर्षं स्पंज हाताळतोय मी. खड्ड्यात आदळूनही माणसाचं बूड शेकत नाही ते माझ्या स्पंजमुळे. मला हा मास्तर स्पंज शिकवणार? मी हेल्मेट जमिनीवर पालथं घातलं, डाव्या हाताची मूठ खालून आत सरकवली आणि रेक्झिन ठोकायचा लाकडी हातोडा उजव्या हातात घेतला. सर "अहो, थांबा" म्हणेपर्यंत हाणलासुद्धा.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मूठ बाहेर काढली तर दोन बोटांची पेरं लाल झाली होती आणि बोटं बधिर. तोंडातून शिवी निघाली ती मी सरांना दिली की स्वतःला, सांगता येत नाही.

तरी मी हट्टी. अंगणात गेलो, एका कोंबडीला हुसकून तिच्या खालची वाटी आणली, हेल्मेटातला स्पंज ओरबाडून काढला आणि त्या जागी ती बसवली. पुन्हा मूठ आत घातली. सर माझा दंड धरत होते. तेवढ्याच जोराने हाणला. नुसता ठप्प आवाज आला. थर्मोकोलला आतून खड्डा पडला होता, चीरही गेली होती. माझ्या दुखऱ्या बोटांना धक्का लागला, पण तेवढाच.

त्या वाटीला पडलेल्या खड्ड्याकडे मी पाहत राहिलो. तेवढ्यात तिच्या काठावरचं माझंच अक्षर दिसलं. मी आणली होती ती आसमाची वाटी होती.

तेव्हा मला भीती वाटली. मी घड्याळ पाहिलं. पावणेपाच झाले होते. आसमा पाचला लॅबमधून निघते.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. ती गाडी चालवताना फोन घेत नाही. मीच तिला शिकवलंय, अल्लाची शपथ घालून शिकवलंय, की फोन डिक्कीत ठेवायचा, कितीही वाजला तरी थांबायचं नाही. लॅबला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "आसमा आज लवकर गेली. दहा मिनिटं झाले असतीन."

म्हणजे ती रस्त्यावर होती. तो रस्ता मला माहीत आहे. दिवाळी होऊन गेलेली, कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या अर्धा रस्ता अडवून चाललेल्या, त्यांना ओलांडायला आंधळेपणाने बाहेर येणारे ट्रक. रोज तोच रस्ता होता आणि रोज मी निवांत असायचो, कारण पोरीच्या डोक्यावर माझं हेल्मेट होतं.

दुकानात एकच धड हेल्मेट होतं. गावातल्या गुलाबरावांनी सकाळी मऊ करायला टाकलेलं, मी अजून आतून न उचकटलेलं. ते हँडलला अडकवलं आणि मी निघालो. सर मागून ओरडले, "वहाबभाई, ते तुमी घाला." मी ऐकलं नाही. ते आसमासाठी होतं.

डाव्या हाताची दोन बोटं क्लच दाबत नव्हती. उरलेल्या दोन बोटांनी कसाबसा गिअर टाकत होतो. समोरून येणारी प्रत्येक स्कूटी मला आसमाची वाटायची आणि जवळ आली की नसायची. तुम्हाला वाटेल, एवढं काय, पोरगी रोजच येते, आजही आली असती. मलाही मी तेच सांगत होतो. पण ज्याला कळलेलं असतं त्याला ते परत न कळलेलं करता येत नाही. मला तिच्या कपाळावरची जांभळी मखमल दिसत होती, आणि नखाचा तो टक् आवाज कानात होता.

किनगाव राजा मागे पडलं. पुढे वळणावर गर्दी दिसली. कापसाची ट्रॉली कडेला उभी होती, दहापंधरा माणसं गोल करून उभी होती, आणि त्यांच्या पायांमधून रस्त्यावर आडवं पडलेलं गाडीचं चाक दिसत होतं.

मी गाडी स्टँडवर लावली का तशीच टाकली, आठवत नाही. खरं सांगतो, त्या गर्दीत घुसायची माझी हिंमत झाली नाही. बाहेरच उभा राहिलो. आत काय आहे ते जोवर पाहिलं नव्हतं तोवर माझी पोरगी धड होती. तेवढा वेळ मला पाहिजे होता. मग माणसांच्या आतून आवाज आला.

"हालू नका काका, पाय सरळ ठेवा. कुठं दुखून राह्यलं?"

आसमाचा आवाज. मी माणसं ढकलून आत गेलो. रस्त्यावर पासष्ट-सत्तरचे एक म्हातारे बसले होते. त्यांची मोपेड आडवी पडली होती, गुडघा सोलवटला होता, डोकं उघडं पण शाबूत. आसमा खाली बसून आपल्या ओढणीने त्यांचा गुडघा बांधत होती. तिचं जांभळ्या मखमलीचं हेल्मेट शेजारी ठेवलेलं होतं. बोलत बोलत ती म्हणाली, "हेल्मेट काऊन नाई घालत काका? टोचते म्हणता ना? दुसरबीडले या. माह्ये अब्बा असं मऊ करून देतात, काढावं वाटत नाई."

मी पुढे झालो, ते जांभळं हेल्मेट उचललं आणि पोटाशी धरलं.

"अब्बा? तुमी इथं कसे? आणि हाताले काय झालं?"

"तुह्या हेल्मेटात काई नाई," मी म्हणालो. "म्या काढून टाकलं. जे वाचवते तेच म्या काढून टाकलं, बेटा."

तिला काही कळलं नाही. म्हातारेबुवा माझ्याकडे पाहू लागले. मी तिथेच, त्या माणसांदेखत, तिला सगळं सांगितलं. अंगठा, नख, हातोडा, वाटी. सांगताना रडू आलं ते दडवलं नाही. माझं नाव माहीत असलेली चार माणसं त्या गर्दीत होती, आणि त्यातल्या एकाने आपल्या डोक्यावरचं हेल्मेट हळूच काढून आत बोटाने दाबून पाहिलं. आत माझी लाल पट्टी होती.

आसमाने गुलाबरावांचं घामट हेल्मेट घातलं. नाक मुरडलं, पण घातलं. मी तिच्यामागे, उघड्या डोक्याने, वीसच्या स्पीडने घरी आलो. माझं तर दुकानातच फोडून पडलं होतं. वाटेत ती दर मिनिटाला आरशात पाहत होती. आता भीती तिलाही वाटत होती, माझ्या उघड्या डोक्याची.

घरी आल्यावर हुस्नबानो दारातच उभी होती. भागवत सर थांबलेच होते, त्यांनी तिला सांगितलं होतं. तिने आसमाला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पोरगी आली. आता बसा, पाणी प्या, हाताले बर्फ लावा."

मला बसवत नव्हतं. पोरगी आली, हे खरं. मी अंगणात गेलो. सूर्य बुडायला आला होता आणि कोंबड्या आपापल्या वाट्यांत चढत होत्या. ते अंगण मी चार वर्षं रोज पाहत होतो. पांढऱ्या वाट्या, काही पिवळ्या पडलेल्या, काही चुलीच्या धुराने काळवंडलेल्या. भिंतीपाशी, पायऱ्यांखाली, लिंबाच्या बुंध्याशी. प्रत्येकीच्या काठावर माझ्या हातचं नाव. गोविंदा. अकील. अर्जुनराव. सरस्वतीबाई, कारण त्यांच्या पोराने आईसाठीसुद्धा करून घेतलं होतं. आसमा माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने खाली वाकून दोनतीन नावं वाचली आणि मग वाचायची थांबली.

"अब्बा, हे सगळे आता हिंडून राह्यले असतीन ना?"

मी मान हलवली. संध्याकाळची वेळ, माणसं शेतातून, बाजारातून, नोकरीवरून घरी निघायची वेळ. माझी भीती आसमावरून उठून या सगळ्यांवर पसरली, आणि कमी झाली नाही, वाढली. माझ्या घरची एक होती, ती मी रस्त्यावर जाऊन गाठली. एवढ्या जणांना कुठे कुठे गाठणार?

"एकेकाले फोन लावा," भागवत सर दारातून म्हणाले. "वाट्या तुमच्यापाशी हाये, नावं तुमच्यापाशी हाये."

मी सगळ्यात जुनी वाटी उचलली. शेषरावांची. कोंबडी चिडून बाजूला झाली, आत एक अंडं होतं, अजून गरम. ते आसमाच्या हातात दिलं आणि दुखऱ्या बोटांनी शेषरावांचा नंबर लावला. दोनदा वाजला आणि उचलला गेला. मला एवढं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हणालो, "शेषराव, ऐका, आधी ते हेल्मेट..."

"वहाबभाऊ, मी बोलून राह्यली," पलीकडून तानुबाईचा आवाज आला. "हे तं आत्ताच निंघाले मेहकरले, लेकीकडं. फोन घरीच इसरले पाहा. काऊन, काई काम होतं?"

मेहकरचा रस्ता माझ्या दुकानावरूनच जातो, मी इकडे मागच्या अंगणात असतानाच ते तिथून गेले असणार. मी बोलत नाही म्हणून तानुबाईला वाटलं, मी अंधाराची काळजी करतोय. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "काई फिकीर करू नका, भाऊ. हेल्मेट घालून गेले ते. तुमचंच."

मी गाडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. आसमाने आधी गुलाबरावांचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, पट्टा लावला, आणि मगच किल्ली दिली. ते कपाळाला टोचत होतं.